अमेरिकेतल्या रिजनल एअरलाइनची पगाराची ऑफर कशी तपासावी

अमेरिकन ईगल, डेल्टा कनेक्शन, युनायटेड एक्सप्रेस अशी नावं रंगवलेली छोटी जेट विमानं त्या मोठ्या कंपन्यांचे पायलट उडवत नाहीत. ती उडवतात एन्व्हॉय, पीएसए, एंडेव्हर, रिपब्लिक, स्कायवेस्ट अशा रिजनल कंपन्यांचे पायलट. यातल्या कुठल्याही कंपनीची ऑफर हातात आली की आधी डोळ्यांत भरतो तो तासाचा दर. त्यावर निर्णय घेऊ नका. दर खरा असला तरी त्यातून सुट्ट्या किती मिळतील आणि नोकरी किती टिकेल, हे कळत नाही.

आधी महिन्याचा हिशेब

पगार मोजला जातो तो ब्लॉक टाइमवर, म्हणजे विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंत. विमानाची तपासणी, दोन फ्लाइटमधली तीन तासांची ताटकळ, हवामानामुळे टर्मिनलवर बसून राहणं, हे सगळं या मोजणीच्या बाहेर. म्हणून करारात महिन्याची किमान हमी शोधा. ती बऱ्याच ठिकाणी ७५ तासांच्या आसपास असते. दर ९० डॉलर आणि हमी ७५ तास, तर महिन्याला ६,७५० आणि वर्षाला ८१,००० डॉलर, करापूर्वी. ‘वर्षाला एक लाख मिळतील’ असं भरतीवाल्यांनी सांगितलं, तर त्यात बोनस, पर डिएम आणि जादा तास किती धरलेत ते विचारा. पर डिएम हा बाहेरगावच्या जेवणाखाण्याचा भत्ता आहे, पगारात धरू नका.

मग रिग वाचा, आणि सावकाश वाचा

दोन ऑफरमधला खरा फरक बहुतेक वेळा इथे असतो. पायलटाची ट्रिप जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते ठिकाण म्हणजे बेस. तो सोडून परत येईपर्यंतच्या एकूण वेळेच्या ठरावीक प्रमाणात तासांचं क्रेडिट, म्हणजे पगारासाठी धरलेले तास, देणारा नियम म्हणजे ट्रिप रिग. समजा चार दिवसांची ट्रिप आहे, प्रत्यक्ष उड्डाण १५ तास २० मिनिटं आणि बेसपासून दूर ७६ तास. करारात दर चार तासांना एक तास अशी रिग असेल, तर क्रेडिट १९ तासांचं. रिग नसेल, तर १५ तास २० मिनिटांचंच.

आता महिन्याचं चित्र मांडा. रिग असेल तर चार ट्रिपांत, म्हणजे १६ दिवसांत, ७६ तास भरतात. रिग नसेल तर त्याच चार ट्रिपांचे ६१ तास २० मिनिटंच होतात. हमीमुळे पैसे ७५ तासांचे मिळतील, म्हणून बरेच जण इथेच हिशेब थांबवतात. पण न उडवलेल्या तासांचे पैसे कंपनी सुखासुखी देत नाही. ती पाचवी ट्रिप लावते. तास होतात ७६ तास ४० मिनिटं आणि दिवस जातात २०. पगार जवळपास तोच, पण महिन्याच्या चार सुट्ट्या गेल्या. पगारपत्रकात हे कुठेच दिसत नाही. शिवाय रिग नसली की ट्रिपा आटोपशीर बांधण्याची कंपनीला गरजही उरत नाही, कारण पायलटाच्या रिकाम्या वेळेचा तिला खर्चच नसतो.

सोबत आणखी तीन कलमं पाहा. दिवसाचं किमान क्रेडिट किती? फ्लाइट रद्द झाली तर तिचे पैसे मिळतात का? डेडहेडचे, म्हणजे कंपनीच्या कामासाठी प्रवासी म्हणून केलेल्या प्रवासाचे, पूर्ण मिळतात की निम्मे?

बेस आणि रिझर्व्ह

नवा पायलट सुरुवातीला रिझर्व्हवर असतो, म्हणजे ठरलेल्या ट्रिपा नाहीत, बोलावणं आलं की उडवायचं. शॉर्ट कॉल रिझर्व्हमध्ये फोनजवळ राहण्याचा अवधी संघीय नियमानुसार एका वेळी १४ तासांपेक्षा जास्त नसतो, पण बोलावल्यावर पोचायला मिळतात जेमतेम दोनेक तास. दुसऱ्या शहरातून विमानाने ये-जा करून हे जमत नाही. मग बेसजवळ क्रॅशपॅडमध्ये, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या घरात, खाट भाड्याने घ्यावी लागते आणि ते भाडं तुमच्या खिशातून जातं. तेव्हा ‘बेस कोणता’ एवढंच विचारून थांबू नका. त्या बेसवर सर्वांत नव्या लाइनहोल्डरची, म्हणजे महिन्याचं वेळापत्रक आधीच ठरलेल्या पायलटाची, नेमणूक कधीची आहे, हे विचारा. रिझर्व्ह किती काळ चालेल याचा अंदाज त्यावरून येतो.

बोनस

ठरावीक मुदत नोकरी करण्याच्या अटीवर मिळणाऱ्या बोनसच्या परतफेडीचं कलम शब्दन्‌शब्द वाचा. मुदतीआधी सोडल्यास सगळी रक्कम परत द्यायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? करापूर्वीची की हातात आलेली? बोनसवर संघीय कर साधारणपणे २२ टक्क्यांनी आधीच कापला जातो. पूर्ण रक्कम परत करायची असेल आणि कर वर्ष बदललं असेल, तर न मिळालेले पैसेही आधी आपल्या खिशातून द्यावे लागतात. कर सोडवून घेण्याची खटपट नंतर.

दराचा कुठला भाग कायमचा आहे, हेही तपासा. २०२२च्या जूनमध्ये एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तिन्ही कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, दर ९० डॉलरवर नेला. पण त्या वाढीतल्या बऱ्याच भागाला तेव्हा मुदत लावलेली होती. ऑगस्टमध्ये मेसा या आणखी एका रिजनल कंपनीने १०० डॉलर जाहीर केले. पायलटांचा तुटवडा होता म्हणून हे घडलं. २००९मध्ये कोलगन एअर या रिजनल कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर कायदा बदलला आणि २०१३पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. त्यातच महामारीनंतर मोठ्या कंपन्यांनी धडाक्याने भरती केली.

नोकरी टिकेल का

मोठी कंपनी तिकिटं विकते, इंधनाचा खर्च सोसते आणि रिजनलला उड्डाणाप्रमाणे ठरलेले पैसे देते. विमानाचं भाडंही बऱ्याच करारांत तिच्याकडेच. रिजनल कंपन्यांना एकमेकींपेक्षा स्वस्त पडायला उरतो तो मुख्यतः माणसांचा खर्च.

तो असा मोजा. कॅप्टन १५० आणि फर्स्ट ऑफिसर १००, म्हणजे तासाला २५०. ७६ आसनांच्या जेटमध्ये एका आसनामागे सुमारे ३.३० डॉलर, ५० आसनांच्या जेटमध्ये पाच. पगाराचे दर वाढले की ५० आसनी विमानं आधी सेवेतून काढली जातात ती यामुळे. आणि ७६च्या वर जाताही येत नाही. मोठ्या तिन्ही कंपन्यांच्या पायलटांनी आपल्या करारांत रिजनल विमानांना ७६ आसनं आणि ८६,००० पौंडांची मर्यादा घालून घेतली आहे. म्हणून ताफ्यात ५० आसनी किती आणि ७६ आसनी किती, हे पाहा.

दुसरं, पायलटांची सरासरी ज्येष्ठता. वर्षागणिक दर चढतो, त्यामुळे जुनी कंपनी काहीही न बदलता महाग होत जाते आणि कालपरवा उभी राहिलेली कंपनी पुढच्या निविदेत तिला हरवते. डेल्टाच्या कॉमएअरच्या पायलटांनी २००१मध्ये ८९ दिवस संप करून चांगला करार मिळवला. २०१२मध्ये जुना ताफा आणि जास्त खर्च ही कारणं देत डेल्टाने ती कंपनी बंद केली. एन्व्हॉयच्या पायलटांनी २०१४मध्ये सवलतींचा करार नाकारला, तर विमानं दुसऱ्या कंपन्यांकडे वळवली गेली. एकाच मालकाच्या कंपन्यांना असं एकमेकींविरुद्ध झुंजवणं अन्यायाचं आहे. आणि स्वस्त करारावर सही करून आलेली विमानं तरी कुठे कायमची राहतात? त्याहून स्वस्त कोणी सापडेपर्यंतच.

कंपनी बंद पडली की ज्येष्ठता तिच्याबरोबर जाते. दुसऱ्या कंपनीत ज्येष्ठतेच्या यादीच्या तळापासून सुरुवात, बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या दराने. त्यामुळे मुलाखतीत दोन तारखा मागा. पहिली, मोठ्या कंपनीशी असलेला उड्डाणांचा करार कधी संपतो ती. दुसरी, पायलटांच्या कराराची. विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर अॅक्टखाली हा करार संपत नाही, फक्त त्या तारखेनंतर बदलता येतो. नवा होईपर्यंत जुनाच चालतो आणि वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळू शकतात. ही तारीख उलटून गेली असेल, तर दरांचा आजचा तक्ता पुढची काही वर्षं तसाच राहील असं धरूनच हिशेब करा.