ब्रिटनमधले भारतीय आणि बांगलादेशी: दोन स्थलांतरित समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना कशी करावी

२०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या १८,६४,३१८ लोकांनी आपला वंशगट ‘भारतीय’ असा नोंदवला, तर ६,४४,८८१ लोकांनी ‘बांगलादेशी’. दोन्ही समाज एकाच उपखंडातून आलेले आणि दोघांचीही मोठी वाढ १९५० नंतरची. तरी घर, पगार, नोकरी यांत आज दोघांमध्ये बरंच अंतर आहे. हे अंतर किती आणि कशामुळे, हे चोख मांडायचं असेल तर पुढची पद्धत उपयोगी पडेल. लागणारं साहित्य जवळजवळ सगळं फुकट मिळतं: जनगणनेचे तक्ते, सरकारी सर्वेक्षणांचे अहवाल आणि एक स्प्रेडशीट. वेळ मात्र काढावा लागतो.

चौकटीत कोण आहे ते आधी पाहा

ब्रिटिश जनगणनेत वंशगटाचा प्रश्न १९९१ साली पहिल्यांदा आला. उत्तर माणूस स्वतः निवडतो. जन्म कुठे झाला हा प्रश्न वेगळा, पासपोर्ट कुठला हा वेगळा आणि मुख्य भाषा कोणती हा आणखी वेगळा. या चार तक्त्यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं चुकतं, आणि नवख्यांची पहिली चूक बहुधा हीच असते.

लेस्टरमधलं एखादं गुजराती कुटुंब घ्या. आजोबांचा जन्म युगांडातला, मुलाचा लेस्टरमधला, सुनेचा राजकोटचा. वंशगटाच्या तक्त्यात तिघंही ‘भारतीय’. ‘जन्मदेश भारत’ हा तक्ता उघडला तर त्यात फक्त सून सापडेल. भाषेच्या तक्त्यात आजोबा आणि सून गुजरातीखाली असतील, मुलगा कदाचित इंग्रजीखाली. मराठीचंही तसंच. २०२१च्या तपशीलवार भाषायादीत मराठीचा वेगळा आकडा आहे, पण तो मराठी माणसांचा आकडा मानू नये. प्रश्न मुख्य भाषेचा होता, त्यामुळे तिथेच वाढलेली आणि इंग्रजीत वावरणारी पिढी त्यातून गळते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे; तेव्हापासून तिथे असलेल्या घराण्यांची नातवंडं-पतवंडं या आकड्यात फारशी दिसणार नाहीत.

म्हणून तुलनेचा पाया वंशगट ठेवा आणि जन्मदेश व ब्रिटनमध्ये आल्याचं वर्ष यांनी त्याच्या फोडी करा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हवे ते प्रश्न एकत्र करून स्वतःचा तक्ता बनवण्याची सोय आहे. दोन तक्त्यांच्या बेरजा पाच-दहाने जुळल्या नाहीत तर घाबरू नका. कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून कार्यालय काही आकडे मुद्दाम किंचित हलवतं. फरक शेकड्यांत गेला तर मात्र तुमचीच गाळणी कुठेतरी चुकली आहे. स्कॉटलंडची जनगणना एक वर्ष उशिरा, २०२२ साली झाली. ती इंग्लंडच्या आकड्यांत मिसळू नका.

कोण केव्हा आलं, याचा तक्ता हाताने करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं उत्तर बरंचसं इथेच दडलेलं असतं. कागदावर दोन रकाने आखा आणि लाटा लिहा.

भारतीयांच्या रकान्यात किमान तीन लाटा येतील. पहिली, १९५०-६०च्या दशकांत आलेले पंजाबी आणि गुजराती कामगार: पश्चिम लंडनमधलं साउथहॉल, मध्य इंग्लंडमधल्या मिडलंड्सच्या ओतशाळा, कापड गिरण्या. दुसरी, पूर्व आफ्रिकेतून आलेले भारतीय. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं आणि त्यांतले सुमारे २८,००० ब्रिटनमध्ये आले. बहुतेकांची दुकानं, घरं, पैसे मागे राहिले. पण धंद्याचा अनुभव, हिशेबाची सवय, इंग्रजी आणि शिक्षण सोबत आलं. तिसरी लाट डॉक्टर, संगणक अभियंते आणि विद्यार्थी यांची, २०००नंतर फुगलेली.

बांगलादेशींचा रकाना वेगळा दिसेल. बहुसंख्य कुटुंबं एकाच भागातली, सिल्हेटची. सुरुवात जहाजांवरच्या खलाशांपासून झाली, मग १९५०-६०च्या दशकांत एकटे पुरुष गिरण्यांत आणि शिवणकामाच्या कारखान्यांत लागले. बायका-मुलं मोठ्या संख्येने आली ती १९७० आणि ८०च्या दशकांत. नेमक्या त्याच काळात ते कारखाने बंद पडत होते. घरात खाणारी तोंडं वाढली आणि कमावत्याची नोकरी गेली, हे एकाच दशकात घडलं. मग हॉटेलं आणि टॅक्सी हे दोन आसरे उरले. ब्रिटनमध्ये ‘इंडियन’ पाटी लावलेली असंख्य हॉटेलं सिल्हेटी माणसांनी उभी केली आहेत, हे जेवणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं.

हा तक्ता समोर असला म्हणजे ‘भारतीयांची सरासरी’ हा आकडा किती वेगवेगळ्या माणसांचा मिळून बनला आहे ते दिसतं. आयटी कंपनीने पाठवलेला पुण्याचा अभियंता पगाराची सरासरी वर ओढतो. साउथहॉलमधल्या निवृत्त कामगाराच्या स्थितीबद्दल तो काहीच सांगत नाही. शक्य असेल तिथे तुलना फक्त ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांची करा. त्याने ताज्या, निवडून आलेल्या स्थलांतरितांचा परिणाम बराच बाजूला पडतो.

वय समान करा

बांगलादेशी समाज भारतीय समाजापेक्षा बराच तरुण आहे. तरुण समाजात पदवीधर जास्त, घरमालक कमी, पगार कमी. हे वयामुळेच होतं. वयाचा फरक काढून टाकल्याशिवाय आकडे शेजारी ठेवू नका.

पद्धत समजण्यापुरतं काल्पनिक उदाहरण घ्या. ‘क’ समाजात २५ ते ४४ वयातले ५० टक्के आणि ४५ ते ६४ वयातले १० टक्के पदवीधर आहेत. ‘ख’ समाजात हेच प्रमाण ५५ आणि २५ टक्के आहे. ‘क’मध्ये तरुण गट ७५ टक्के, तर ‘ख’मध्ये ५० टक्के. सरळ हिशेब केला तर ‘क’चे पदवीधर ३७.५ अधिक २.५, म्हणजे ४० टक्के. ‘ख’चे २७.५ अधिक १२.५, तेही ४० टक्के. वरवर पाहता दोघं बरोबरीत. आता दोघांनाही एकच वयरचना लावा, समजा निम्मे तरुण आणि निम्मे वयस्कर. ‘क’ ३० टक्क्यांवर येतो, ‘ख’ ४० वरच राहतो. दहा टक्क्यांचं अंतर वयाखाली झाकलं गेलं होतं. प्रत्यक्षात पाच किंवा दहा वर्षांचे गट घ्या आणि दोघांना लावायची समान वयरचना म्हणून इंग्लंड-वेल्सच्या एकूण लोकसंख्येची वापरा.

उत्पन्न: घर केवढं ते पाहिल्याशिवाय बोलू नका

दोन घरं घ्या. दोघांचंही कर वजा जाता वर्षाचं उत्पन्न ४५,००० पौंड. पहिल्यात नवरा-बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. दुसऱ्यात नवरा-बायको, आजी, २२ वर्षांचा मुलगा, १५ आणि १२ वर्षांच्या मुली, ८ वर्षांचा धाकटा. ब्रिटिश बांगलादेशींमध्ये अशी मोठी कुटुंबं अजून बरीच आहेत.

नुसतं उत्पन्न पाहिलं तर दोन्ही सारखी. माणशी भागाकार केला तर १५,००० आणि साधारण ६,४३०. हाही हिशेब चुकतो, कारण सात माणसांना सात चुली किंवा सात हीटर लागत नाहीत. म्हणून भारांक वापरतात: पहिला प्रौढ १, चौदा आणि त्यावरचं प्रत्येक माणूस ०.५, चौदाखालचं मूल ०.३. पहिलं घर १.८ होतं, दुसरं ३.६. भागाकार २५,००० आणि १२,५००. पहिल्या घराचं राहणीमान दुसऱ्याच्या दुप्पट, हे इथे कळतं. ब्रिटिश सरकारचे अहवाल हेच भारांक जोडप्याला १ धरून मांडतात, म्हणजे पहिला प्रौढ ०.६७, पुढचे ०.३३ आणि लहान मूल ०.२०. दोन्ही पद्धती चालतात, पण एका तक्त्यात एकच वापरा.

सरकारी व्याख्येनुसार मध्यक (सगळी घरं उत्पन्नानुसार ओळीने लावली तर बरोबर मधल्या घराच्या) उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखालचं घर गरीब. याचे दोन आकडे निघतात, घरखर्चाआधीचा आणि घरखर्चानंतरचा. इथे घरखर्च म्हणजे किराणा नव्हे, भाड्यासारखा राहत्या घराचा खर्च. बांगलादेशी समाजाचा मोठा भाग लंडनमध्ये, तोही पूर्व लंडनमध्ये आहे. टॉवर हॅम्लेट्समध्ये ३४.६ टक्के लोक बांगलादेशी आहेत. तिथल्या भाड्यांमुळे घरखर्चानंतरचा आकडा जास्त खरं बोलतो. त्या मोजमापाने अलीकडच्या वर्षांत साधारण निम्मे बांगलादेशी गरिबीत मोजले जातात. भारतीयांचं प्रमाण त्याच्या साधारण निम्मं आहे.

सर्वेक्षणात बांगलादेशी घरं थोडीच येतात, म्हणून सरकारही तीन-तीन वर्षांची सरासरी देतं. तुमच्या हाती फक्त १५० घरं असतील आणि आकडा ५० टक्के आला, तर दोन्ही बाजूंना किमान ८ टक्क्यांची चूक धरावी लागते. अशा वेळी ‘गेल्या वर्षीपेक्षा गरिबी ३ टक्क्यांनी घटली’ असं लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

घर: मालकी, गर्दी आणि गाव

इंग्लंडच्या २०१६ ते २०१८च्या आकड्यांत ७४ टक्के भारतीय कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, तर बांगलादेशी ४६ टक्के. हे अंतर पूर्ण खरं आहे, पण त्याचा अर्थ लावताना गाव पाहा. १९७०च्या दशकात लेस्टरमधलं चाळवजा रांगेतलं घर कामगाराच्या आवाक्यात होतं. पूर्व लंडनच्या स्पिटलफील्ड्समधली बांगलादेशी कुटुंबं तेव्हा पडक्या, रिकाम्या इमारतींत शिरून राहत होती. १९७६ साली त्यांनी बेंगाली हाउसिंग अ‍ॅक्शन ग्रूप उभारला. त्याची इंग्रजी आद्याक्षरं बंगालीतल्या ‘बाघ’ (वाघ) या शब्दासारखी वाचली जातात. त्या लढ्यातून त्यांना नगरपालिकेची घरं मिळाली. भाडं कमी आणि डोक्यावर छप्पर पक्कं. पण पुढे लंडनच्या घरांच्या किमती चढल्या, तेव्हा मालक नसल्यामुळे ती वाढ त्यांच्या पदरात पडली नाही.

गर्दी मोजताना खोल्या विरुद्ध माणसं असा भागाकार करू नका, झोपण्याच्या खोल्यांचा ठरलेला निकष वापरा. जोडप्याला एक खोली, २१ आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला एक, १० ते २० वयातल्या एकाच लिंगाच्या दोघांना मिळून एक, दहाखालच्या दोन मुलांना मिळून एक. वरचं सात माणसांचं घर तपासा: आईवडील एक, आजी एक, थोरला एक, दोन मुली एक, धाकटा एक. पाच खोल्या हव्यात. नगरपालिकेचा झोपण्याच्या तीन खोल्यांचा फ्लॅट असेल तर दोन खोल्या कमी, म्हणजे घर गर्दीचं. या मोजमापाने २०१६ ते २०१९ या काळात इंग्लंडमधली २४ टक्के बांगलादेशी घरं गर्दीची ठरली. श्वेत ब्रिटिशांची २ टक्के.

नोकरी आणि शिक्षण

बेरोजगारीचा दर एकटा कधीही देऊ नका. त्यात फक्त काम शोधणारे मोजले जातात. घर सांभाळणाऱ्या बायका आणि विद्यार्थी त्यात येतच नाहीत, आणि बांगलादेशी स्त्रियांच्या बाबतीत मुख्य गोष्ट तीच आहे. रोजगार, बेरोजगारी आणि कामाच्या बाजाराबाहेर असणं, हे तीन आकडे स्त्री-पुरुष वेगळे करून आणि २५ ते ३४ हा वयोगट सुटा काढून द्या. आजीच्या आणि नातीच्या पिढीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२०२१ची जनगणना २१ मार्चला, टाळेबंदीत झाली. पगारी सुटीवर घरी बसवलेल्यांनी स्वतःला नोकरीत धरावं अशी सूचना होती. हॉटेलं बंद होती आणि टॅक्सीचा धंदा बसलेला होता, त्यामुळे बांगलादेशी पुरुषांच्या आकड्यांना हा झटका जास्त बसला असण्याची शक्यता आहे. २०११शी तुलना करताना हे तळटीपेत सांगा. व्यवसायांच्या वर्गवारीतही एक फसगत आहे: स्वतःची टॅक्सी चालवणारा आणि चार नोकर ठेवणारा हॉटेलमालक एकाच वर्गात बसतात. तिथे वर्गावर न थांबता प्रत्यक्ष व्यवसायाचा तक्ता उघडा.

शिक्षणाचं चित्र उमेद देणारं आहे आणि ते ठळक मांडलं पाहिजे. १९९७ साली टॉवर हॅम्लेट्स इंग्लंडच्या १४९ शिक्षण प्राधिकरणांत शेवटच्या क्रमांकावर होतं. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी मुलांचे सरासरी गुण श्वेत ब्रिटिश मुलांपेक्षा जास्त असतात. भारतीय मुलांचे त्याहूनही वर. पगारात मात्र ही झेप अजून पूर्ण उतरलेली नाही. कारणं शोधताना भेदभाव विसरू नका. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९ साली मांडलेल्या प्रयोगात, तीच पात्रता असूनही अल्पसंख्य वंशाच्या उमेदवाराला तितकेच प्रतिसाद मिळायला ६० टक्के जास्त अर्ज करावे लागले.

निष्कर्षाचं वाक्य

‘भारतीय बांगलादेशींपेक्षा पुढे आहेत’ असं लिहिलं असेल तर खोडा. त्या जागी असं लिहा: ‘ब्रिटनमध्ये जन्मलेल्या, २५ ते ४४ वयाच्या, लंडनमध्ये राहणाऱ्या दोन्ही गटांची तुलना केली असता घरमालकीतलं अंतर इतकं उरतं आणि पगारातलं इतकं.’ आधी कच्चं अंतर द्या, मग वय समान केल्यावरचं, मग जन्मस्थान आणि गाव समान केल्यावरचं. प्रत्येक पायरीला अंतर किती घटलं ते वाचकाला दिसलं पाहिजे. ‘संस्कृती’ हे कारण देण्याचा मोह या तिन्ही पायऱ्या होईपर्यंत आवरा. शेवटी उरलेल्या अंतराला ‘या आकड्यांनी न उलगडलेलं’ एवढंच म्हणा, आणि प्रत्येक टक्क्याशेजारी तो किती घरांवरून काढला ती संख्या छापा.