क्लॅटच्या उताऱ्यांत गुण कुठे गळतात? या चुका टाळा

निफाड तालुक्यातल्या एका मुलीने गेल्या वर्षी माझ्यासमोर बसून क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, सरावाचा पेपर सोडवला. उतारा कांदा निर्यातबंदीवरचा होता, मीच इंग्रजीत लिहिलेला. त्यातला शेवट मराठीत सांगायचा तर असा: ‘बंदीमुळे शहरातल्या ग्राहकाला काही काळ दिलासा मिळाला, हे मान्य, पण धोरण सारखं बदलत राहिलं की परदेशी खरेदीदाराचा आपल्यावरचा भरवसा उडतो.’ प्रश्न होता, लेखकाचं मुख्य म्हणणं काय? तिने लगेच ‘निर्यातबंदीने शेतकऱ्याचं नुकसान होतं’ या पर्यायाचा गोल काळा केला.

तिच्या घरी कांद्याची चाळ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली तेव्हा घरात काय झालं, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणाली, “पण सर, हे खरंच आहे ना?” खरंच आहे. पण त्या उताऱ्यात शेतकरी हा शब्दसुद्धा नव्हता. लेखक खरेदीदाराच्या भरवशाबद्दल बोलत होता.

नाशिकच्या गंगापूर रोडला मी बारावीच्या मुलांची क्लॅटची तयारी करून घेतो. इंग्रजी कच्चं म्हणून गुण जातात, अशी बहुतेक पालकांची समजूत असते. माझ्यासमोर येणाऱ्या पेपरांत मात्र जास्त गुण वेगळ्याच कारणाने गेलेले दिसतात: लेखक काय म्हणतो आणि मला काय वाटतं, याची सरमिसळ. विषय जितका ओळखीचा, तितकी ही चूक हमखास. म्हणून कांदा, द्राक्षं, कुंभमेळा असा घरचा विषय समोर आला की दुप्पट सावध व्हा. उत्तर निवडल्यावर उताऱ्यातल्या ज्या ओळीवरून किंवा ओळींवरून ते निवडलं, तिथे बोट ठेवा. बोट ठेवायला ओळच सापडत नसेल, तर ते उत्तर तुमच्या डोक्यातून आलेलं आहे.

कायद्याच्या उताऱ्यातही तेच

समजा, उताऱ्यात नियम दिलाय: ‘मालकाच्या संमतीशिवाय वस्तू हलवणं म्हणजे चोरी.’ पुढे प्रसंग: एकाने मित्राची सायकल न विचारता नेली, संध्याकाळी परत आणून ठेवली. ज्याने कायदा थोडाफार वाचलाय तो म्हणतो, अप्रामाणिक हेतू नाही, म्हणून चोरी नाही. खऱ्या कायद्यात हेतू लागतो, बरोबर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही लागतो. पण इथल्या नियमात हेतूचा उल्लेखच नाही, म्हणून इथे ती चोरीच. परीक्षा तुमचं कायद्याचं ज्ञान तपासत नाही. दिलेला नियम दिलेल्या प्रसंगाला नीट लावता येतो का, ते बघते.

प्रश्न आधी वाचण्याची घाई

१२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि इंग्रजीचा एकेक उतारा साधारण ४५० शब्दांचा. हे आकडे ऐकून मुलं आधी प्रश्न वाचतात आणि मग उताऱ्यात उत्तर हुडकत फिरतात. थेट माहितीच्या प्रश्नाला हे चालून जातं. ‘लेखकाचा सूर कोणता’, ‘यावरून काय अनुमान निघतं’ इथे मात्र फसतं, कारण ते उत्तर कुठल्या एका ओळीत नसतं. उतारा एकदा, सलग आणि पूर्ण वाचा. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने मराठीत दोन-तीन शब्द टाका: ‘सरकारची बाजू’, ‘लेखकाला अमान्य’, ‘कोर्टाचा निकाल’. मराठी माध्यमातल्या मुलांना मी मुद्दाम सांगतो, या नोंदी मराठीतच करा, त्यात कमीपणा काही नाही. वाक्यन् वाक्य मनात भाषांतरित करणं तेवढं सोडा. वेळ त्यातच जातो.

भाषेच्या खऱ्या अडचणी थोड्याच शब्दांपाशी असतात. ‘अनलेस’ घ्या. ‘आदेश कायम राहील, अनलेस कोर्ट तो रद्द करतं’ हे वाक्य घाईत ‘कोर्टाने रद्द केला तर कायम’ असं वाचलं जातं. त्यात ‘नाही’ दडलेलं आहे: कोर्ट रद्द करत नाही तोवर कायम. ‘हार्डली’मध्येही तसंच. ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीच, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत. अशा शब्दांची वेगळी यादी करा. दहा-बारा शब्दांत काम होतं.

दोन पर्यायांत अडकलात तर

कुठला जास्त बरोबर, यावर डोकं खाजवू नका. कुठल्यातला कोणता शब्द चुकीचा, ते शोधा. बहुधा तो ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ असा टोकाचा शब्द असतो. लेखक ‘काही वेळा’ म्हणाला आणि पर्याय ‘नेहमी’ म्हणतोय, तर तो गेला. तरीही ठरेना, तर सोडून पुढे व्हा. क्लॅटला चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. सोबत राज्याच्या सीईटीची तयारी करणाऱ्यांचं इथे हमखास चुकतं: तिथे गुण कापत नसल्याने तुक्के मारायची सवय लागलेली असते, ती इथे घेऊन येऊ नका.

मॉक देऊनही गुण हलत नाहीत

मॉक म्हणजे सराव परीक्षा दिली, गुण बघितले, पुढचा मॉक. असं दहादा केलं तरी तीच चूक दहादा होते. दोन तास पेपर, तर दोन तास तपासणी. वहीत प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिहा: ‘स्वतःचं मत’, ‘टोकाचा शब्द’, ‘घाई’, ‘शब्दार्थ’. तीन मॉकनंतर कुठला शब्द सारखा येतो ते मोजा आणि आठवडाभर तेवढ्यावरच काम करा. त्या निफाडच्या मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर ‘स्वतःचं मत’ नऊ वेळा होतं.

आणि कागदावर वाचा. क्लॅट कागदावर होते, सराव मात्र मोबाइलवर चालतो. रोज वाचनालयात बसून इंग्रजी पेपरचा एक अग्रलेख वाचा. आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. वाचून झालं की पेपर बंद करून लेखकाचं म्हणणं मराठीत एका वाक्यात लिहा, मग उघडून ताडून बघा. मॉक मात्र घरी, दुपारी २ ते ४, परीक्षेच्याच वेळेला. जेवणानंतरच्या पेंगेत चौथा उतारा कसा वाचला जातो, ते आधीच कळलेलं बरं.