एसपीडी लावलेल्या सर्किटचं मेगर कसं करायचं

आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांत आता बऱ्याच बोर्डात एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे अचानक येणाऱ्या जादा व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण) दिसतो, आणि तिथं मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं, नेहमीसारखं ५०० व्होल्ट डीसी मारलं की इन्सुलेशनचं रीडिंग पडतं आणि मालक म्हणतो वायरिंग गेलं. वायरिंग बऱ्याचदा ठणठणीत असतं, एसपीडीच्या आतला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज आलं की करंट वाहू देणारा भाग) तेवढ्या व्होल्टेजला कंडक्ट करायला लागतो.

आधी मेन बंद, लॉक लावा, टेस्टरनं सप्लाय नाही हे बघा. मग एसपीडीची कार्ट्रिज (ओढून निघणारा आतला भाग) ओढून काढा. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा), एलईडी ड्रायव्हर, इलेक्ट्रॉनिक आरसीसीबी (करंट गळला की ट्रिप होणारा ब्रेकर) पण सोडवा, नाहीतर जळतील. आता फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी ५०० व्होल्टला टेस्ट, किमान १ मेगओहम हवं. चांगल्या कोरड्या वायरिंगला खूप जास्त येतं, पावसाळ्यात सूताची धूळ ओल धरते तेव्हा कमी.

एसपीडी फिक्स असेल, सुटतच नसेल, तर त्या सर्किटला २५० व्होल्टवर टेस्ट घ्या, मर्यादा तीच १ मेगओहम. रिपोर्टमध्ये मात्र २५० लिहा, ५०० लिहून मोकळं होऊ नका, ते मला अजिबात पटत नाही.

शेवटी केबल डिस्चार्ज करा, लांब केबल चांगलाच झटका देते, आणि कार्ट्रिज परत बसवायला विसरू नका.