किंगस्नेकची उपप्रजाती ओळखताना या चुका टाळा

किंगस्नेक हा अमेरिका खंडातला बिनविषारी साप, अनेक जण तो घरी पाळतात. "हा कोणता किंगस्नेक आहे?" या प्रश्नासोबत बहुतेक वेळा एकच फोटो येतो. वरून काढलेला, लाल दिव्याच्या उजेडात, साप अर्धा भुशात. त्यावरून उपप्रजाती सांगता येत नाही. तरीही पाच मिनिटांत नाव सांगणारे भेटतात, आणि तेच नाव मग सापाच्या डब्यावर चिकटतं. पुढे त्या सापाची पिल्लं विकली जातात, तेव्हा नावही त्यांच्यासोबत जातं. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून त्याच त्या चुका एकदा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंग आणि नक्षी पाहून नाव ठरवणं. किंगस्नेकमध्ये नक्षी फार फसवते. कॅलिफोर्निया किंगस्नेकचंच बघा. काहींच्या अंगावर आडवे पट्टे असतात, तर काहींच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एक उभी रेघ जाते. एके काळी शास्त्रज्ञही या दोघांना वेगळे साप समजत होते. सॅन दिएगोचे सर्पतज्ज्ञ लॉरेन्स क्लॉबर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं की एकाच मादीच्या अंड्यांतून पट्टेवाली आणि रेघवाली, दोन्ही पिल्लं निघतात. टेक्सासच्या ग्रे-बँडेड किंगस्नेकचीही तीच गोष्ट. पाठीवर रुंद नारिंगी खोगिरं, म्हणजे खोगिरासारखे पट्टे, असलेल्या सापांना १९५० मध्ये 'ब्लेअरी' हे वेगळं नाव दिलं गेलं, आणि पुढे कळलं की ते 'अल्टर्ना'चंच, म्हणजे ग्रे-बँडेडचंच, दुसरं रूप आहे.

तरीही हा धडा पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. ओळखीच्या एका ब्रीडरकडे, म्हणजे सापांची पैदास करणाऱ्याकडे, थायेरी किंगस्नेकची जोडी होती. ईशान्य मेक्सिकोतला हा साप 'व्हेरिएबल किंगस्नेक' म्हणूनच ओळखला जातो, कारण एकाच खेपेच्या अंड्यांतून राखाडी अंगावर नारिंगी खोगिरं असलेली, मिल्क स्नेकसारखी (हा किंगस्नेकचाच जवळचा भाऊबंद) लाल-काळी कडी असलेली आणि पूर्ण काळी, अशी तिन्ही तऱ्हांची पिल्लं निघू शकतात. त्याच्याकडेही तसंच झालं. पिल्लं देऊन टाकायची त्याला घाई होती. कडीवाली 'मिल्क स्नेक' म्हणून गेली आणि काळी 'मेक्सिकन ब्लॅक' या काळ्या किंगस्नेकच्या नावाने.

त्यातलं एक काळं पिल्लू एका नवख्या मुलाकडे आलं. त्याने ते प्रेमाने वाढवलं आणि खऱ्या मेक्सिकन ब्लॅकच्या मादीबरोबर जोडी लावली. अंडी फुटली तेव्हा पिल्लं ना आईसारखी, ना बापासारखी. मुलाला वाटलं, नवीन मॉर्फ, म्हणजे नवं रंगरूप, सापडलं! मी नर हातात घेतला तेव्हा आधी डोळे खटकले. मोठे आणि जरा बाहेर आलेले. डोकंही मानेपासून स्पष्ट वेगळं दिसत होतं. मेक्सिकन ब्लॅकचं डोकं मानेत जवळजवळ मिसळून गेलेलं असतं. मूळ ब्रीडरला विचारलं, तर त्याच्या वहीत ती खेप नोंदलेली होती, आईबापांच्या नावासकट. म्हणजे खरी माहिती होती, फक्त ती पिल्लाबरोबर पाठवण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते. त्या संकरित पिल्लांपैकी काही तोवर दुसऱ्यांकडे गेलीही होती. ती परत कशी आणणार?

म्हणून माझी सवय अशी: साप बघण्याआधी कागद बघतो. आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कुठल्या भागातून आले. ग्रे-बँडेड पाळणारे जुने लोक डब्यावर टेक्सासमधल्या रस्त्याचं किंवा भागाचं नावसुद्धा लिहितात, 'रिव्हर रोड' किंवा 'ब्लॅक गॅप' असं. नवख्यांना हा अतिरेक वाटतो. पण ती एक ओळ पुसली गेली तर तो साप कुठला, हे पुन्हा कधीच सांगता येत नाही, कितीही खवले मोजले तरी.

मेक्सिकन ब्लॅकबद्दल उलटी चूकही होते. पिल्लाच्या गळ्यावर किंवा कुशीवर फिकट ठिपके दिसले की लोक विक्रेत्याशी भांडतात, "हा शुद्ध नाही." मेक्सिकोतल्या सोनोरा आणि सिनालोआच्या उत्तर भागातल्या या सापांत असे ठिपके सापडतात, आणि पिल्लू वाढतं तसे ते बऱ्याचदा काळवंडतात. आज दिसतो तो काळा कुळकुळीत साप पिढ्यान्पिढ्या निवडून जोड्या लावल्याने आला आहे. शिवाय त्यांच्या प्रदेशाच्या कडेला डेझर्ट किंगस्नेकचा प्रदेश लागतो आणि तिथे दोघांमधले मिश्र साप निसर्गातच आढळतात. तेव्हा ठिपके दिसले म्हणून फसवणूक झाली असं नाही, आणि ठिपके नाहीत म्हणून शुद्धतेची खात्रीही मिळत नाही. दर कातीनंतर त्याच जागेचा, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी ते फोटो शेजारी शेजारी ठेवले की बरंच काही दिसतं. दोन वर्षं थांबायची तयारी नसेल, तर उपप्रजातीच्या वादात पडू नका.

पिल्लावरून घाईने निदान करणं इतरांच्या बाबतीतही महागात पडतं. स्पेकल्ड किंगस्नेकच्या पिल्लाला आडवे पट्टे असतात, ठिपके अंगभर पसरतात ते नंतर. फ्लोरिडा किंगस्नेक वयाबरोबर उजळत जातो.

नेल्सन आणि सिनालोअन मिल्क स्नेक यांच्यातला गोंधळ तर कायमचाच. पाठ्यपुस्तकी फरक असा, की सिनालोअनच्या अंगावर लाल कडी १० ते १६ आणि बरीच रुंद, तर नेल्सनवर १३ ते १८. पण १४ कडी मोजली तर? दोन्हींत बसतात. पाळीव सापांत हे दोन्ही एकमेकांत इतके मिसळले गेले आहेत की वंशावळ नसलेल्या सापावर, विशेषतः अल्बिनोवर, मी दोन्हींपैकी एकही नाव लिहीत नाही. पुएब्लन मिल्क स्नेक ओळखणं त्यामानाने सोपं, त्याची लाल, काळी आणि पांढरी कडी रुंदीला जवळपास सारखी असतात.

जुन्या आणि नव्या नावांची भेसळ करू नका. २००९ मध्ये पायरन आणि बरब्रिंक या संशोधकांनी कॅलिफोर्निया, डेझर्ट, स्पेकल्ड वगैरे किंगस्नेक ज्यात येतात त्या गेटुला गटातल्या पाच सापांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा दिला. त्यामुळे आता कॅलिफोर्नियाचा साप म्हणजे 'लॅम्प्रोपेल्टिस कॅलिफोर्निए', 'गेटुला कॅलिफोर्निए' नव्हे. २०१४ मध्ये मिल्क स्नेकच्याही सात प्रजाती झाल्या, त्याआधी एकाच प्रजातीत २५ उपप्रजाती मोजल्या जात. पण बाजारात जुनी नावं अजून चालतात. दक्षिण फ्लोरिडाचे साप 'ब्रुक्सी' म्हणून विकले जातात, जरी ते आता फ्लोरिडा किंगस्नेकमध्येच धरले जातात. माझ्या डब्यावर मी दोन्ही लिहितो: आजचं नाव, आणि साप कोणत्या नावाने घेतला ते. जुनं नाव खोडून टाकणारे स्वतःला अद्ययावत समजतात, पण 'नेल्सनी' हे नेल्सनचं जुनं उपप्रजातीचं नाव पुसून नुसतं 'पॉलिझोना' हे नवं प्रजातीचं नाव लिहिलं की त्या वंशाबद्दलची नेमकी माहिती हरवते.

संकर तपासायचा असेल तर कात फेकू नका. ओली असतानाच पसरून वाळवा आणि भिंगाखाली बघा. किंगस्नेकचे खवले गुळगुळीत असतात आणि गुदद्वारावरचा खवला अखंड असतो. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाचा तोच खवला दुभंगलेला असतो आणि पाठीच्या खवल्यांवर हलकी उभी धार असते. 'जंगल कॉर्न' नावाने विकला जाणारा साप कॅलिफोर्निया किंगस्नेक आणि कॉर्न स्नेक यांचा संकर आहे. तो प्रजननक्षम असतो, म्हणूनच त्याची पुढची पिढी पुन्हा कॅलिफोर्नियाशी जोडली की पाहून ओळखणं कठीण होत जातं. एक अखंड खवला दिसला म्हणून शुद्धतेचा दाखला देऊ नका. खटकणारी गोष्ट सापडली तर ती महत्त्वाची, न सापडल्याने काही सिद्ध होत नाही.

लाल आणि पिवळी कडी एकमेकांना चिकटून असतील तर साप विषारी, हा प्रवाळसर्प (कोरल स्नेक) ओळखण्याचा नियम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांबाहेर वापरू नका. दक्षिणेकडे तो लागू पडत नाही.

आणि ज्या सापाचा मागमूसच लागत नाही, त्याच्या डब्यावर 'किंगस्नेक, मूळ अज्ञात' एवढंच लिहा. असा साप पाळायला तितकाच चांगला असतो, नीट ठेवला तर वीस वर्षंही जगतो. फक्त त्याची जोडी लावून पिल्लांना उपप्रजातीचं नाव देऊ नका. आणि कुणाला तो दिलाच, तर डब्याबरोबर ती चिठ्ठीही द्या, मिळाल्याची तारीख आणि कुणाकडून मिळाला ते लिहून.