डॉटनेटमध्ये एचटीटीपी क्लायंट डीआयमधून (डिपेंडन्सी इंजेक्शन, म्हणजे क्लासला लागणारी वस्तू बाहेरून पुरवणं) कसा लावायचा

बाहेरची एखादी एपीआय कॉल करायची म्हटलं की सुरुवातीला आपण सगळेच तेच करतो, मेथडमध्ये न्यू एचटीटीपीक्लायंट, त्याला यूजिंग, झालं काम. लोकलवर झकास चालतं. लोड आला की बोंब, कारण क्लायंट डिस्पोज झाला तरी खालचं सॉकेट लगेच सुटत नाही, टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावर काही वेळ थांबायची अवस्था) लटकतं आणि पोर्ट संपत जातात. बरं, एकच स्टॅटिक क्लायंट ठेवला तर समोरच्याचा आयपी बदलला तरी हा जुनंच कनेक्शन धरून बसू शकतो, कारण डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी यंत्रणा) फक्त नवीन कनेक्शन उघडतानाच बघितला जातो. यावर 2018 मध्ये एएसपी डॉटनेट कोर 2.1 सोबत आयएचटीटीपीक्लायंटफॅक्टरी (क्लायंट बनवून देणारी) आली, तीच वापरायची.

आधी यूआरएल आणि टाइमआउट ॲपसेटिंग्समध्ये टाका (एपीआय की तिथे नको, गिटवर जाते मग रडत बसायचं). त्या सेक्शनचा एक छोटा ऑप्शन्स क्लास करा. मग प्रोग्रॅम फाइलमध्ये ॲडएचटीटीपीक्लायंट लिहून त्याला तुमचा इंटरफेस आणि एपीआय कॉल करणारा क्लास द्या, सोबतच्या लॅम्डामध्ये सर्व्हिस प्रोव्हायडर मिळतो, त्यातून ऑप्शन्स काढून बेसॲड्रेस आणि टाइमआउट सेट करा. टाइमआउट विसरू नका, डिफॉल्ट 100 सेकंद आहे, तेवढा वेळ युजर थांबतोय होय! तुमच्या क्लासने कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त एचटीटीपीक्लायंट मागायचा, तो तयार होऊनच येतो.

आता स्लॅश. बेसॲड्रेस "/एपीआय/व्ही1" वर संपतोय आणि तुम्ही "ऑर्डर्स" मागितलं तर कॉल जातो "/एपीआय/ऑर्डर्स" ला, व्ही1 गायब. शेवटी स्लॅश द्यायचाच. आणि उलट, "/ऑर्डर्स" असं पुढे स्लॅश लावून मागितलंत तर एपीआय पण उडतं, थेट रूटला जातं. या एका स्लॅशपायी माझी अख्खी शुक्रवार संध्याकाळ गेलीय, 404 बघून समोरच्या टीमला मेल पण ठोकून दिला होता, चूक माझीच निघाली.

दुसरी गंमत म्हणजे ॲडएचटीटीपीक्लायंट तुमच्या क्लासचं रजिस्ट्रेशन स्वतःच करतो, ट्रान्झियंट (मागेल तेव्हा नवा) म्हणून. तरी कोणीतरी सवयीने खाली त्याच इंटरफेससाठी ॲडस्कोप्ड (दर रिक्वेस्टला एक) लिहितं, मग शेवटचं रजिस्ट्रेशन जिंकतं, कोरा क्लायंट येतो आणि बेसॲड्रेस सेट नाही म्हणून एक्सेप्शन. ती खालची ओळ उडवा, बास. तसंच हा क्लायंट सिंगलटन (अख्ख्या ॲपमध्ये एकच) सर्व्हिसमध्ये घुसवू नका, फॅक्टरी क्लायंटच्या खालचा, कनेक्शन सांभाळणारा हँडलर दर 2 मिनिटांनी बदलते पण सिंगलटनने पकडलेला जुनाच राहतो, म्हणजे डीएनएसचं दुखणं परत आलं.

रिक्वेस्टला टोकन (ओळख पटवणारी खूण) लावायला डेलिगेटिंगहँडलर (रिक्वेस्ट बाहेर जाताना मध्ये बसणारा क्लास) लिहा, ट्रान्झियंट म्हणून रजिस्टर करा आणि ॲडएचटीटीपीमेसेजहँडलरने जोडा. फक्त त्यात स्कोप्ड सर्व्हिस टाकून ती चालू रिक्वेस्टचीच असेल असं धरून चालू नका, हँडलरचा स्कोप वेगळा असतो.

रीट्रायसाठी (फसलेला कॉल पुन्हा करायला) डॉटनेट 8 पासून ॲडस्टँडर्डरेझिलियन्सहँडलर आहे, एका ओळीत काम होतं, पण तो पोस्ट (समोर डेटा पाठवणारा) कॉल सुद्धा रीट्राय करतो, तेव्हा पेमेंटसारख्या कॉलला तेवढं बंद करून ठेवा नाहीतर एखाद्याचे पैसे दोनदा कापले जातील.