एनएफएलमध्ये संधीची वाट बघणाऱ्या नवख्यांनो, या चुका टाळा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. ऑगस्टच्या सराव शिबिरात तिच्या प्रत्येक संघाकडे 90 जण असतात. हंगाम सुरू होताना उरतात 53, आणि सामन्याच्या दिवशी त्यातले फार तर 48 मैदानात उतरायला पात्र ठरतात. बहुतेक नवख्यांचं लक्ष 53 वर असतं. गणित चुकतं ते 48 शी.

सगळ्यात महागात पडते ती स्पेशल टीम्सना, म्हणजे चेंडू लाथाडायच्या चालींसाठी उतरणाऱ्या तुकड्यांना, कमी लेखण्याची चूक. कॉलेज गाजवून आलेल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) पंटमागे, म्हणजे लांब लाथाडलेल्या चेंडूमागे, धावणं म्हणजे हमाली वाटते. पण प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. पाचवा रिसीव्हर पास झेलायला सामन्यात दोन-चार वेळाच लागणार. तो पंटवर धावत नसेल, तर 48 मधली जागा त्याच्यावर कशाला घालवायची? मिनेसोटा व्हायकिंग्जचा अ‍ॅडम थीलन 2013 मध्ये ड्राफ्टमधून (कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) नव्हे, नुसत्या चाचणीतून आला. पहिलं वर्ष त्याने प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये, म्हणजे फक्त सराव करणाऱ्या राखीव गटात, काढलं. 2014 मध्ये त्याच्या नावावर पूर्ण हंगामात 8 झेल होते. मात्र कॅरोलायनाविरुद्ध त्याने पंट अडवला आणि तोच चेंडू उचलून गोलपट्ट्यात नेत टचडाउन केला. 2017 मध्ये त्याने पास झेलून 1,276 यार्ड काढले.

दुसरी चूक सरावातली. स्काउट टीम म्हणजे येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारी फळी. प्रशिक्षक एक कार्ड वर धरतो, त्यावर गोल आणि बाण काढलेले असतात, आणि तुम्ही त्या बाणाप्रमाणे पळायचं. नाव दुसऱ्याचं, चाल दुसऱ्याची. कंटाळा येणारच! पण समोर उभा असतो आपल्याच संघाचा पहिल्या पसंतीचा बचाव, आणि त्याच्याशी रोज झुंजण्यासारखी शिकवणी नाही. 2022 च्या ड्राफ्टमध्ये सर्वात शेवटी, 262 वा निवडला गेलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा सूत्रधार) ब्रॉक पर्डी सॅन फ्रान्सिस्कोच्या बचावासमोर असाच घासला गेला. डिसेंबरमध्ये संघाचा खेळता क्वार्टरबॅक गारोपोलो जखमी झाला तेव्हा पर्डी तयार होता.

प्लेबुक (संघाच्या चालींची वही) पाठ करताना फक्त आपली रेघ पाठ करू नका. शेजारचा कुठे जातोय हे ठाऊक नसेल, तर ऐनवेळी दुसऱ्या जागी उभं केल्यावर तंतरते. तब्येतीचं सांगायचं तर, कॉलेजच्या बारा-तेरा सामन्यांची सवय असलेलं शरीर 17 सामन्यांत नोव्हेंबरपर्यंतच थकतं. झोप आणि जेवण सांभाळा.

आणि चूक दर वेळी पोराचीच असते असं नाही. 2002 मध्ये नव्या कोऱ्या ह्यूस्टन टेक्सन्सने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या डेव्हिड कारला पहिल्याच सामन्यापासून क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं. त्याला वाचवणारी पुढची फळी कच्ची होती. 2017 मध्ये कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्सला अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे ठेवलं, पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक म्हणून हंगामातला फक्त शेवटचा एक सामना दिला, आणि पुढच्या वर्षी त्याने 50 टचडाउन पास फेकले. बसवून ठेवलं की कुणीही माहोम्स होतो, असं मी म्हणणार नाही. पण कार 2002 च्या त्या एका हंगामात 76 वेळा पास फेकण्याआधीच चेंडूसकट आडवा झाला, आणि तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.