ओट्यासाठी सोपस्टोन निवडताना

दुकानात सगळे सोपस्टोन सारखेच गुळगुळीत लागतात, पण फरक असतो तो आतल्या टाल्क या मऊ खनिजाच्या प्रमाणात. मूर्तिकामाच्या दगडात ते 80 टक्क्यांपर्यंत असू शकतं. तो नखानेही खरवडला जातो, ओट्याला कुचकामी. बांधकामाच्या प्रतीत साधारण 30 ते 50 टक्के असतं. म्हणून ज्या लादीतून ओटा कापणार, तिचाच तुकडा मागून घ्या. घरी त्यावर आधी नख, मग किल्ली ओढा, लिंबू पिळून रात्रभर ठेवा. नखाचा ओरखडा उठला तर तो दगड नकोच. किल्लीचा हलका ओरखडा मात्र चालेल. बारीक पॉलिश पेपरने घासून मिनरल ऑइलचा हात फिरवला की जातो. लिंबाने चमक गेली किंवा फेस आला, तर सोपस्टोनच्या नावाखाली संगमरवर खपवताहेत असं समजा.

जाडी शक्यतो 3 सेंटीमीटर. सिंकच्या कापाजवळ मोठी शीर येत नाही ना, तेही बघा, कारण दगड तिथेच तडकतो. आणि सीलरचे पैसे वाचवा, या दगडात पाणी मुरत नाही.